सांगलीहून प्रॉपर्टी कॉन्फरन्सला: किती ऐकायचं, किती भेटायचं

सांगली-मिरजेतल्या नव्या एजंटाला, किंवा वडिलांच्या बांधकाम व्यवसायात नुकत्याच शिरलेल्या मुलामुलींना, पुण्या-मुंबईची कॉन्फरन्स स्वस्तात पडत नाही. प्रवेश फी, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, मुंबईतलं लॉज, शिवाय दोन दिवस साइट आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हवाली. एवढं करून परतताना बॅगेत एकतर कार्डांचा गठ्ठा असतो, ज्यातल्या एकाचाही चेहरा आठवत नाही. नाहीतर भरलेली वही असते, जी परत कधी उघडली जात नाही.

ऐकणं आणि भेटणं ही दोन वेगळी कामं धरली की वेळेची ओढाताण ठरलेलीच. हॉलमध्ये बसलं तर बाहेर कोण भेटलं असतं याची चुटपुट, बाहेर उभं राहिलं तर आत काय चुकलं याची. माझं मत स्पष्ट आहे: नवख्याने आधी शिकण्याच्या बाजूला झुकावं. अनुभवी बिल्डर दिवसभर कॉफीच्या टेबलाशी उभा राहिला तरी त्याला बोलायला विषय असतात. नव्या माणसाकडे नाव आणि गाव सोडून सांगण्यासारखं फार काही नसतं. त्याला विषय सत्रातून मिळतो आणि त्या विषयामुळे माणसं थांबून बोलतात.

कार्यक्रम नेमका कसला, ते आधी बघा

'प्रॉपर्टी'चं नाव लावलेले सगळे कार्यक्रम एका जातीचे नसतात. प्रॉपर्टी एक्स्पो हा ग्राहकांसाठी असतो: बिल्डरांचे स्टॉल, गृहकर्जवाल्या बँका, बुकिंगवर सवलती. तिथे शिकायला मिळतं ते दर आणि मांडणी, त्याला अर्धा दिवस पुष्कळ झाला. बांधकाम साहित्य आणि यंत्रांची प्रदर्शनं वेगळी. मुंबईचं एसटेक किंवा पुण्याचं कॉन्स्ट्रो ही त्यातली ओळखीची नावं. एजंटाला त्यांचा उपयोग कमी, साइट सांभाळणाऱ्याला जास्त.

संघटनांची अधिवेशनं हा तिसरा प्रकार. क्रेडाई (स्थापना १९९९), नरेडको (१९९८) आणि त्याहून कितीतरी जुनी, १९४१ पासूनची बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया या प्रामुख्याने विकासक-कंत्राटदारांच्या, एजंटांची एनएआर-इंडिया. क्रेडाईचं राष्ट्रीय अधिवेशन नॅटकॉन बऱ्याचदा परदेशात भरतं. पहिल्याच वर्षी तिकडे धावू नये. खर्च सहलीचा होतो आणि फळही बहुतेक सहलीचंच मिळतं.

चौथा प्रकार मला सगळ्यात आवडतो: एका विषयाची छोटी कार्यशाळा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा), मुद्रांक, पुनर्विकास, बांधकाम नियमावली, असा एकच विषय, साठ-सत्तर माणसं, पाच तास. छायाचित्र काढून मिरवण्यासारखं तिथे काही नसतं, पण बोलणारा आणि ऐकणारा एकाच जेवणाच्या रांगेत उभे असतात. पहिला अनुभव अशा ठिकाणी घ्यावा, मग राज्य पातळीवरच्या अधिवेशनाला जावं.

घरातून प्रश्न घेऊन निघा

तयारीचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

'सांगलीत पुढच्या वर्षी मार्केट कसं राहील?' हा प्रश्न घेऊन गेलात तर प्रत्येकजण हसून 'चांगलं राहील' म्हणेल आणि पुढे जाईल. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर तुम्हाला तुमच्या धंद्यासाठी खरोखर लागतंय आणि समोरच्यालाही तो ऐकून थांबावंसं वाटेल.

आपल्याकडे असा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यापासून फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब स्वयंपाकघराआधी विचारतं, "इथं पाणी आलं होतं का?" एजंटांपैकी अर्धे या प्रश्नाला बगल देतात. तुम्ही त्याचा अभ्यास करा. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. धंद्यात तिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर ठेवण्याच्या अटीवर, बांधकामाला परवानगी मिळू शकते असं ती सांगते.

इथवर घरी वाचून कळतं. कॉन्फरन्सला न्यायचा प्रश्न याच्या पुढचा:

"दोन रेषांमधल्या इमारतीवर कर्ज देताना बँकेचा मूल्यांकनकार नेमकं काय बघतो? तळमजला पूर्ण पार्किंगला सोडला तर त्याच्या हिशेबात फरक पडतो का?"

"चिपळूण-महाडकडे २०२१ च्या पुरानंतर पुनर्विक्रीच्या फ्लॅटला गिऱ्हाईक परत कसं आलं? विकणाऱ्यांनी काय सांगितलं, काय दाखवलं?"

असा प्रश्न खिशात असला की कोणत्या सत्राला बसायचं आणि कोणाला गाठायचं, दोन्ही आपोआप ठरतं. पहिल्या प्रश्नासाठी बँकेचा माणूस किंवा मूल्यांकनकार हवा, दुसऱ्यासाठी चिपळूणचा एजंट. सहभागी होणाऱ्यांची यादी किंवा व्हॉट्सअॅप ग्रुप आयोजक आधी देतात, त्यात ही माणसं शोधून ठेवा.

पुराशी तुमचा संबंध नसेल तर दुसरं काही घ्या. शहरात गुंठेवारीचे, म्हणजे रीतसर मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले, प्लॉट भरपूर. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमितीकरणाची वाट उघडली. इतर शहरांत नियमित झालेल्या प्लॉटला बँका कशा बघतात, हा चांगला प्रश्न आहे. विश्रामबागेत कॉलेजच्या पोरांना आणि मिरजेत हॉस्पिटलच्या डॉक्टर-नर्सना खोल्या-फ्लॅट भाड्याने देत असाल, तर तसल्याच दुसऱ्या शहरातला एजंट करार, अनामत आणि देखभाल कशी सांभाळतो ते विचारा.

तीनपेक्षा जास्त प्रश्न नेऊ नयेत. आणि जे वाचून मिळतं ते विचारायचं नाही. रेरा कायदा २०१६ चा, तो राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, महारेराचं, काम १ मे २०१७ पासून सुरू; जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट; खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात; करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. हे सगळं घरी तोंडपाठ करा. भरल्या हॉलमध्ये उभं राहून 'रेरा कधी लागतो?' विचारणाऱ्याकडे चहाच्या वेळी कुणी फिरकत नाही.

वेळापत्रकावर खुणा

कार्यक्रमपत्रिका हातात आली की सत्रांचे तीन भाग पाडा.

एका तज्ज्ञाचं एका विषयावरचं व्याख्यान, किंवा एखाद्या प्रकल्पाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची हकिगत, यांना पहिली पसंती. यात आकडे, नकाशे, अडलेली परवानगी, चुकलेला अंदाज असं हाताला लागणारं काहीतरी असतं.

परिसंवाद म्हणजे सोफ्यावर पाचजण, मधे सूत्रसंचालक आणि एकूण पन्नास मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला दहा येतात, त्यातली तीन आभारात जातात. तिथे ज्ञान कमी मिळतं, पण कोण कोणत्या विषयात मुरलेला आहे ते कळतं. पहिली वीस मिनिटं बसून उठलात तरी चालेल.

प्रायोजित सत्र ओळखायची खूण सोपी: वक्त्याच्या पदनामात 'सेल्स' किंवा 'मार्केटिंग' आणि पाठीमागच्या पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह. लिफ्ट किंवा वॉटरप्रूफिंग तुमच्या कामाचं असेल तरच जा. उद्घाटनाची भाषणं हीही याच रांगेतली. मंत्री उशिरा येणार हे गृहीत धरून तो वेळ भेटींना वापरा. तेव्हा सगळेच ताटकळलेले असतात आणि कुणीही बोलायला तयार असतं.

दोन दिवसांचा कार्यक्रम असेल तर माझा हिशेब असा: पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फक्त ऐकणं. दुपारनंतर एक सत्र, बाकी वेळ माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच निवडलेलं सत्र आणि पहिल्या दिवशी भेटलेल्यांपैकी दोघा-तिघांशी निवांत बसणं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर हॉल ओस पडतो, लोक गाड्या गाठायला निघतात. पण उरलेल्या वक्त्यांना मग वेळच वेळ असतो. म्हणून परतीचं तिकीट रात्रीचं काढा.

ओळख करून देताना

'मी रिअल इस्टेटमध्ये आहे' हे तिथे प्रत्येकजण सांगणार. त्यापेक्षा: "मी सांगलीचा. विश्रामबाग-मिरज पट्ट्यात जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीचं काम करतो. दोन वर्षं झाली." जागा, काम, किती काळ. नवखे आहात हे लपवू नका, लोक नव्याला जास्त मोकळेपणाने सांगतात.

एजंट असाल तर कार्डावर महारेरा नोंदणी क्रमांक हवाच. एजंटांसाठी आता प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्रही लागतं. ते नसताना मुंबईच्या बिल्डरशी कमिशनची बोलणी करायला गेलात तर गोष्ट पहिल्याच वाक्यावर थांबते. ज्यांचं हे झालेलं नाही, त्यांनी कॉन्फरन्सची फी आधी तिकडे वळवावी.

संबोधनाचं थोडं जपा. सांगलीत 'दादा', 'आप्पा' सहज तोंडात येतं आणि चालूनही जातं. पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये 'सर', 'मॅडम' बरं. अधिकाऱ्याला 'साहेब'. व्यासपीठावरच्या ज्येष्ठ बाईंना 'ताई' म्हणायची घाई नको, त्या स्वतः मोकळ्या झाल्या की मग. आणि जाताना सांगलीचं भडंग थोडं बांधून न्यायला हरकत नाही. चहाच्या टेबलावर पुडा फोडला की चारजण गोळा होतात, शिवाय 'ते भडंगवाले' म्हणून लक्षात राहता, जे छापील कार्डाने कधी होत नाही.

कोणाला भेटायचं

इथे बहुतेक नवे लोक वरच्या दिशेने बघतात. मोठ्या ग्रुपच्या मालकाबरोबर फोटो, हात मिळवणं, स्टेटसला टाकणं. त्याला दिवसात दोनशे माणसं भेटतात आणि तुमचं नाव त्याला संध्याकाळपर्यंतही आठवणार नाही.

दुसरी अडचण त्याच्या उलट आहे आणि आपल्या लोकांत जास्त दिसते. साडेतीनशेच्या वर किलोमीटर जायचं आणि तिथे सांगली-कोल्हापूरचा घोळका करून उभं राहायचं. "काय म्हणताय पाव्हणं" म्हणत चहा होतो, जेवण होतं, विषय मात्र शंभर फुटी रोडवरच्या त्याच जुन्या प्लॉटचा. ही माणसं घरी परतल्यावर मारुती चौकात भेटणारच आहेत.

मधला थर शोधा. आपल्याएवढ्या गावात, आपल्यासारखं काम करणारा, पण आपल्या बाजारात नसणारा माणूस. जळगाव, अहिल्यानगर, लातूर, चिपळूण, बारामती. सांगलीचा एजंट सांगलीच्या एजंटाला आपला खरा दर, खरी दलाली, मोडलेला सौदा सांगणार नाही, त्यात गैर काही नाही. जळगावचा सांगेल, कारण तुम्ही त्याचं गिऱ्हाईक पळवू शकत नाही. अशा दोन माणसांशी पाऊणपाऊण तास झालेलं बोलणं मला तीस कार्डांपेक्षा भारी वाटतं.

बिल्डर सोडून इतरांकडेही वळा. नगररचनेतून निवृत्त झालेले अधिकारी, मूल्यांकनकार, सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल) देणारे वकील, भूमापक, बँकेच्या तांत्रिक विभागाची माणसं. यांच्याभोवती गर्दी नसते. व्यवहार कुठे अडतो हे सगळ्यात जास्त यांनाच ठाऊक. जुना फेरफार, हरवलेली एनए (बिगरशेतीची) ऑर्डर, सातबाऱ्यावर राहून गेलेलं बहिणीचं नाव, यांच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकाव्यात. क्रेडाईची युवा शाखाही आहे. दुसऱ्या पिढीतल्या मुलामुलींना तिथे समवयस्क भेटतात.

सत्रात बसल्यावर

पुढून तिसरी-चौथी रांग, कडेची खुर्ची. वक्त्याला दिसता, आणि उठून जावं लागलं तर सगळी रांग हलवावी लागत नाही.

पडद्यावरचं सगळं उतरवत बसू नका, सादरीकरण मागितलं की बहुधा मिळतं. वहीत एवढंच: आपल्या प्रश्नाला लागू पडणारं, आपल्याला खोटं किंवा अर्धवट वाटलेलं, आणि वक्त्याने घेतलेली नावं-नियम जे घरी तपासायचे. यातलं दुसरं महत्त्वाचं आहे. मुंबईचा वक्ता 'सगळ्या शहरांत ग्राहक आता मोठ्या टाउनशिपकडे वळलाय' म्हणाला आणि तुम्हाला कुपवाडमध्ये तसं दिसत नसेल, तर ते लिहून ठेवा. त्यातून उत्तम संभाषण निघतं.

आता प्रश्नोत्तरं. ऐकणं आणि भेटणं इथे एकत्र येतं, म्हणून ही दहा मिनिटं सोडू नका. माइक आला की नाव, गाव, काम, मग प्रश्न. अर्ध्या मिनिटात. "मी अमुक, सांगलीत पुनर्विक्रीचं काम करते. दोन पूररेषांच्या मधल्या इमारतीला कर्ज देताना तुमची बँक वेगळा अहवाल मागते का?" भाषण नको, 'खूप छान बोललात' नको, आणि स्वतःच्या अडलेल्या केसची दोन मिनिटांची कहाणी तर नकोच. नेमका प्रश्न विचारला की हॉलमधल्या दीडशे जणांना एकदम तुमची ओळख झालेली असते. चहाला बाहेर आलात की कुणीतरी येऊन म्हणतं, "ते पुराचं तुम्हीच विचारलंत ना? आमच्या महाडलाही तेच." आता तुम्हाला कुणाकडे जायची गरज उरलेली नाही.

माइकवर बोलायची भीती वाटत असेल तर सत्र संपल्यावर वक्त्याला गाठा. मात्र त्याच्याभोवतीच्या पहिल्या कोंडाळ्यात शिरू नका. पाच मिनिटं थांबा, शेवटचे दोघे उरले की जा.

स्टॉल, संध्याकाळ आणि अफवा

स्टॉलवर फार वेळ घालवू नका. हवं ते एक-दोन ठिकाणी विचारा, पिशवी भरून माहितीपत्रकं घेऊ नका. प्रत्येक टेबलावर मोबाइल नंबर देऊन आलात तर पुढचे सहा महिने फोन उचलत बसाल.

रात्रीच्या जेवणाला जरूर थांबा. दिवसभर आकड्यांत बोलणारी माणसं तेव्हा मोकळी होतात. पिण्याची सोय असेल तिथे हातात लिंबूपाणी धरून उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. नव्याने निदान पहिल्या वर्षी तरी तेच धरावं.

याच वेळी 'आतल्या बातम्या' फिरतात. अमुक गावातून शक्तिपीठ महामार्ग जाणार, तमुक ठिकाणी उड्डाणपूल येणार, 'आत्ताच दहा एकर उचलून ठेवा'. या महामार्गाला सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि आखणीवर वाद झालेले आहेत. अशा प्रस्तावित रेघेवर पैसे लावणं म्हणजे पाऊस न बघता पेरणी करणं. अधिसूचना निघाली आहे का, गट नंबर काय, हे दोनच प्रश्न विचारा. कॉन्फरन्सच्या हॉलमध्ये कुणालाही टोकन द्यायचं नाही, कुठल्याही कागदावर सही करायची नाही. 'आजच्या दिवसापुरती ऑफर' ऐकली की पाणी प्यायला जा.

परतीच्या गाडीत आणि नंतर

कार्डांच्या मागे गाडीतच लिहा: कुठे भेट झाली, काय बोलणं झालं, आपण काय पाठवतो म्हणालो. झोप येण्याआधी हे झालं पाहिजे, घरी पोचल्यावर साइट आणि फोन तुम्हाला गिळून टाकतात.

दोन-तीन दिवसांत निरोप पाठवा, पण 'आपल्याला भेटून आनंद झाला' एवढ्यावर भागवू नका. तुमची टिपणं इथे उपयोगी पडतात. मूल्यांकनकारांच्या सत्रातले चार मुद्दे स्वच्छ लिहून त्या महाडच्या माणसाला पाठवा: "तुम्ही तेव्हा दुसऱ्या हॉलमध्ये होतात, म्हणून पाठवतोय." तो नक्की उत्तर देतो. बऱ्याचदा त्याच्या हॉलमधले मुद्देही येतात, म्हणजे न बसलेलं सत्रही पदरात पडतं. ज्यांचं उत्तर आलं तेवढीच ओळख खरी धरा, बाकीची कार्डं रबर लावून ठेवून द्या.

ऐकलेल्यातलं जे वापरणार, ते आधी पडताळून घ्या. नियमावलीतला मुद्दा असेल तर मूळ तरतूद वाचा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा ओळखीच्या आर्किटेक्टकडे विचारून घ्या. मुंबईची स्वतंत्र नियमावली आहे, सांगलीला यूडीसीपीआर लागू. तिथल्या वक्त्याने सांगितलेला एफएसआयचा (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्याचा) हिशेब इथे जसाच्या तसा चालवून गिऱ्हाईकाला आकडा देऊन बसलात तर निस्तरणं जड जाईल.

ऑफिसात दोन-तीन माणसं असतील तर त्यांना अर्धा तास बसवून सांगा. सांगताना कळतं की आपल्याला नेमकं काय समजलंय. एखादी गोष्ट लगेच कामात आणा. साइट दाखवायला नेताना पूररेषेचा नकाशा सोबत ठेवणं, एवढी छोटीही चालेल.

पुढचा कार्यक्रम निवडताना जाहिरात बघू नका, उरलेला प्रश्न बघा. बँकेचं उत्तर अर्धवट मिळालं असेल तर कोल्हापुरात किंवा पुण्यात मूल्यांकनकारांची एखादी कार्यशाळा कधी आहे ते शोधा. प्रश्न नियमावलीचा असेल तर क्रेडाई, बिल्डर्स असोसिएशन किंवा आर्किटेक्ट-इंजिनिअरांच्या संघटनेच्या स्थानिक बैठकांना जायला लागा. त्याला महालक्ष्मीचं तिकीट लागत नाही.